तराजूकाकांचा जास्तीचा टॅक्स

टॅक्स बुडवला म्हणून माणसं पकडली जातात, हे आपण ऐकून असतो. टॅक्स जास्त भरायला गेला म्हणून पकडला गेलेला माणूस आमच्या सबंध गल्लीत एकच, तो म्हणजे तराजूकाका. 'पकडला गेलेला' हा शब्द त्यांना आवडत नाही. "चौकशी झाली होती," असं ते म्हणतात. बरं बुवा, चौकशी.

तराजूकाका ही पदवी त्यांना गल्लीने बहाल केलेली. वजनमापे खात्यात तपासनीस म्हणून त्यांनी चौतीस वर्षं काढली. दुकानात शिरायचं, पितळी वजनांची पेटी उघडायची, दुकानदाराच्या काट्यावर एकेक वजन ठेवायचं आणि भुवई उचलायची, हे त्यांचं काम. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला त्यांनी एकदा दहा ग्रॅमसाठी दंड केला होता. त्याला आता वीस वर्षं झाली, पण किराणावाला अजून त्यांना 'साहेब' म्हणतो आणि साखर देताना पुडा दोनदा तोलतो. निवृत्त झाल्यावर ती पेटी काकांनी लिलावात विकत घेतली. घरी आणलेली साखर ते पुन्हा तोलतात. काकू म्हणतात, "अहो, माणसाने रिटायर व्हावं, निदान घरात तरी."

तर एके दिवशी दुपारी काकू पडदा काढायला स्टुलावर चढल्या आणि पडदा हातात घेऊनच खाली आल्या. खुब्याचं हाड मोडलं. काकांनी फोन केला आणि सवयीप्रमाणे घड्याळ लावलं. रुग्णवाहिका अकरा मिनिटांत दारात. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिन्यातच आडवे आले.

"काका, सरकारी दवाखान्यात नेतायत हे! अहो, माझ्या ओळखीचं खासगी हॉस्पिटल आहे. टीव्ही आहे खोलीत."

"तिला हाड बसवायचंय, टीव्ही नाही," काका म्हणाले आणि गाडीत चढले.

त्यांना धीर होता असं मात्र समजू नका. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बँकेतली मुदतठेव मोडली, सगळे पैसे कापडी पिशवीत भरले, आणि ती पिशवी काखेत धरून नऊ दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिले. ऑपरेशन झालं. काकूंच्या खुब्यात पोलादी गोळा बसला. पाचव्या दिवशी एक दणकट बाई आल्या आणि "चला आजी, उठा, लाड पुरे," म्हणून काकूंना त्यांनी चालवलंसुद्धा. काकू दारापर्यंत चालत आल्या तेव्हा काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंतीवर हात धुण्याची सूचना होती. ती त्यांनी चार वेळा वाचली.

दहाव्या दिवशी घरी सोडायची वेळ आली. काका पिशवी घेऊन खिडकीपाशी गेले. आतल्या मुलीने एक कागद सरकवला. देय रक्कम : निरंक.

"बाई, मापात काहीतरी चुकलंय. नऊ दिवस, एक ऑपरेशन, एक पोलादी गोळा, दोन वेळचं जेवण. ह्याचं शून्य कसं होईल?"

"तुम्ही भरलेत की काका."

"मी? कधी?"

"दर वर्षी. टॅक्समधून. नीट भरता ना तुम्ही टॅक्स?"

मुलगी हसून बोलली होती. तिच्या मनात काही नव्हतं. पण त्यातला 'नीट' तराजूकाकांच्या बरगडीत जो रुतला तो रुतलाच.

कारण चोराच्या मनात चांदणं. आता लपवण्यात अर्थ नाही, सांगूनच टाकतो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तराजूकाकांनी टॅक्स बुडवला होता. एकदा नव्हे, ओळीने तीन वर्षं. तेव्हा भाड्याच्या घरात राहणाऱ्याला टॅक्समध्ये सूट मिळायची. काका राहत होते वडिलांनी बांधलेल्या घरात, म्हणजे भाड्याचा प्रश्नच नव्हता. पण काकूंचा धाकटा भाऊ नुकताच करसल्लागार झाला होता आणि त्याला सल्ल्याची भारी हौस होती. "भाऊजी, सगळेच करतात हो," असं म्हणून त्याने भाडेपावत्यांचं पुस्तकच आणून दिलं. घरमालक म्हणून काकूंचं माहेरचं नाव घातलं. सही काकूंनीच केली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने केली. वाचलेल्या पैशांत पायाचं शिलाई मशीन आलं. ते अजून खिडकीपाशी आहे, अजून चालतं, आणि गेल्या अठ्ठावीस वर्षांत त्याची टकटक ऐकून काकांना एकदाही सुखाची झोप लागलेली नाही.

दिवसा दुसऱ्याच्या दहा ग्रॅमला दंड करायचा आणि संध्याकाळी घरी येऊन त्या मशीनशेजारी चहा प्यायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

काकांनी निश्चय केला. पिशवीतले पैसे सरकारला परत करायचे. पण कबुली? छे छे. चौतीस वर्षांची अब्रू होती. किराणावाल्याला कळलं तर? त्यापेक्षा तत्त्व म्हणून भरायचे. जास्तीचा टॅक्स. सुजाण नागरिक, वगैरे. म्हणजे पापही फिटेल आणि वर शोभाही दिसेल. एका दगडात दोन पक्षी मारायला निघालेल्या माणसाचा दगड स्वतःच्याच पायावर पडतो, हे त्यांना ह्या वयात कुणी सांगायला हवं होतं का? पण माणूस एकदा इरेला पेटला की पेटला.

दुसऱ्या सोमवारी ते टॅक्स ऑफिसात गेले. तिथे खिडकी क्रमांक तीन. खिडकीत चष्मेवाल्या बाई.

"टॅक्स भरायचाय," काका म्हणाले.

"कुठल्या वर्षाचा?"

"कुठल्याच नाही. सगळे भरलेत. हा जास्तीचा."

"जास्तीचा म्हणजे दंड?"

"दंड नाही. आवडीने."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खुर्ची मागे ढकलून शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारली, "अगं, जरा ये. हे आवडीने भरतायत." त्या आल्या. मग आणखी दोघं आले. चौघांनी काकांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्यांच्यातल्या एकाने हळूच विचारलं, "काका, घरचं कोणी आलंय का बरोबर?"

"मी पूर्ण शुद्धीवर आहे," काका ताठ होत म्हणाले. "देशाने माझ्यासाठी जेवढं केलं त्या मानाने मी कमी दिलंय. फरक भरायचाय."

"तसा रकाना नाही," बाई म्हणाल्या. "मागणी असेल तरच मशीन पैसे घेतं. तुमच्या नावावर मागणी शून्य आहे. तुम्ही असं करा ना, कुठे तरी देणगी द्या."

"देणगी नको! देणगी म्हणजे माझी मर्जी. मला वाटलं तर मी देणार, वाटेल त्याला देणार, वर पाटी लावून घेणार. आमच्या हिला गाडीत घालून नेलं तेव्हा ड्रायव्हरने विचारलं नाही, तुम्ही कुणाच्या मर्जीतल्या. टॅक्स म्हणजे सगळ्यांचं सगळ्यांसाठी. मला टॅक्सच भरायचाय."

मागच्या रांगेतून आवाज आला, "ओ, भाषण झालं असेल तर पुढे सरका."

त्यांना मोठ्या साहेबांकडे पाठवण्यात आलं. साहेब तरुण, पण टेबलावरच्या फायलींनी अकाली पोक्त झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला, "कारण?"

खरं कारण काकांच्या ओठांवर आलं, तिथून परत फिरलं. "तत्त्व," ते म्हणाले.

साहेबांच्या बारा वर्षांच्या नोकरीत कोणी तत्त्व आणलं नव्हतं. त्यांनी नवी फाईल उघडली. तिच्यावर विषय लिहिला : 'कारण न देता रक्कम देऊ करण्याबाबत'. मग घंटी मारून म्हणाले, "ह्यांची गेल्या सहा वर्षांची विवरणपत्रं काढा. जो माणूस एवढे आपणहून देतोय, त्याने किती ठेवले असतील?"

हे झालं टॅक्स ऑफिसचं. गल्लीतलं वेगळंच.

काका घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. मेव्हणा सोफ्यावर बसलेला, चेहरा पांढरा.

"ताई, ह्यांना आवर! मी तीस वर्षं लोकांचा टॅक्स कमी करून पोट भरतोय, आणि माझे सख्खे भाऊजी जास्त भरायला जातात! माझ्याकडे गिऱ्हाईक येईल का उद्या?"

"तू पावत्या आणल्या नसत्यास तर ही वेळ आली नसती," काका म्हणाले.

"श्शू!" मेव्हण्याने उठून खिडकी लावली. "ते प्रकरण संपलं. मेलं. मेलेलं उकरू नका."

काकू पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "मशीनला तेल घालायला हवं. कुरकुरतंय."

दातांच्या डॉक्टरांनी संध्याकाळी जिन्यात गाठलं. "काका, टॅक्स कमी हवा हो. माझे कष्टाचे पैसे सरकारने का घ्यावेत?"

"तू दात उपटायला शिकलास कुठे?"

"कॉलेजात."

"कुणाच्या?"

"सरकारी. पण मेरिटवर!"

"फी किती होती?"

डॉक्टरांनी आकडा सांगितला. तेवढ्यात आता त्यांच्याकडे अर्धा दात साफ होतो.

"मग उरलेली फी कुणी भरली? माझ्या बापाने भरली, टॅक्समधून. आणि ह्या किराणावाल्याच्या बापानेही. तुझा प्रत्येक दात आमचा आहे."

हा युक्तिवाद डॉक्टरांना पटला नाही, पण बिनतोड होता. काकांना चेव आला. मनात खुपत होतं ते बोलता येत नव्हतं, म्हणून ते बाकी सगळं बोलू लागले. रस्त्यावरचा दिवा लागला की थांबून म्हणत, "टॅक्स!" गटार साफ करणारी गाडी आली की तिला नमस्कार करत. शेवटी त्यांनी 'टॅक्स वाढवा' असा अर्जच लिहिला आणि सह्यांसाठी खालच्या फळ्यावर लावला. आठ दिवसांत तीन सह्या झाल्या. एक काकांची, एक काकूंची, आणि तिसरी कुणी तरी चावटाने दातांच्या डॉक्टरांच्या कुत्र्याच्या नावाने केली होती. अर्जाखाली कुणीसं पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आधी तुमचा.'

सल्ल्यांचा तर पूर आला. एक म्हणाला, म्हाताऱ्याला गुप्तधन सापडलंय. दुसरा म्हणाला, निवडणुकीला उभे राहणार. काकांचा एक लांबचा चुलतभाऊ, जो अकरा वर्षं फिरकला नव्हता, तो बिस्किटं घेऊन आला आणि म्हणाला, "वाटायचेच आहेत तर घरच्यांचा विचार आधी." खोचक बोलणाऱ्याला उत्तर तरी देता येतं, पण सगळ्यात वाईट होता किराणावाला. तो खोचक काही बोललाच नाही. साखर तोलता तोलता हात थांबवून खऱ्या आदराने म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखा माणूस बघितला नाही. तुम्ही दंड केला तेव्हा फार राग आला होता. पण खरं सांगतो, तुमच्या मापात पाप नाही म्हणून तुमचं ऐकून घेतलं."

काका साखर तिथेच विसरले.

पंधरा दिवसांनी टॅक्स ऑफिसचे दोघे जण घरी चौकशीला आले. काकांनी त्यांना स्वतः कपाटं उघडून दाखवली. त्यांनी फ्रिज पाहिला, गाद्या दाबून पाहिल्या, पितळी वजनांची पेटी सोन्याची समजून उत्साहाने उचलली आणि निराश होऊन ठेवली. एकाने शिलाई मशीनवर बोट टेकवलं.

"हे कधी घेतलं?"

काका पुढे सरकले. आता सुटका! आता विचारा! विचारा पुढे!

"जुनं दिसतंय," तो माणूस म्हणाला. "आमच्या आईकडे असंच होतं." आणि त्याने लिहिलं, 'किंमत नगण्य.'

काकूंनी त्या दोघांना चहा दिला. काकांनी चहा घेतला नाही.

आता कुणाही शहाण्या माणसाला वाटेल की प्रकरण इथे संपलं. पण सरकारी फाईल उघडली की ती बंद करायला काही तरी निष्कर्ष लागतो. काकांच्या सहा वर्षांच्या विवरणपत्रांत एक छदाम इकडचा तिकडे नव्हता. लपवलेलं काही सापडलं नाही. वेड म्हणावं तर डॉक्टरचा दाखला नाही. साहेबांनी खूप विचार केला. आणि मग वरून आलेलं एक जुनं परिपत्रक त्यांना आठवलं. प्रत्येक कार्यालयाने वर्षातून एका प्रामाणिक करदात्याचा जाहीर गौरव करावा. नऊ वर्षं त्यांना माणूस मिळाला नव्हता.

पत्र आलं. 'आपल्या निष्कलंक करभरण्याबद्दल.'

काकांनी 'निष्कलंक' हा शब्द वाचला आणि ते खाली बसले.

"मी जाणार नाही," ते म्हणाले.

"वा!" मेव्हणा आता एकदम खूश होता. "अहो, सर्टिफिकेट म्हणजे काय गंमत आहे? मी ते माझ्या ऑफिसात लावणार. 'आमच्या घरातले.' धंदा दुप्पट होईल. जायचं म्हणजे जायचं!"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू वॉकर धरून खोलीतल्या खोलीत फेऱ्या घालत होत्या. रोज वीस, दवाखान्यातल्या दणकट बाईंचा हुकूम. सतरावी फेरी संपवून त्या थांबल्या.

"तुम्हाला काय करायचंय ते मला चांगलं ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "गेले दोन महिने तुम्ही सगळ्या गल्लीला सांगताय, एकट्या मलाच सांगत नाही. करा. मी येते बरोबर."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील काही तरी. मला चालता येतंय ना? मग झालं." आणि त्या अठराव्या फेरीला निघाल्या.

समारंभाला अख्खी गल्ली लोटली. काही प्रेमाने आले होते, काही चहासाठी. टॅक्स ऑफिसचा वरचा हॉल, पन्नास खुर्च्या, समोर साहेब. चष्मेवाल्या बाई दारात नावं लिहून घेत होत्या. पहिल्या रांगेत मेव्हणा, नवा शर्ट घालून. त्याच्या मागे दातांचे डॉक्टर. किराणावाला दुकान बंद करून आला होता. गेल्या वीस वर्षांत त्याने कामाच्या दिवशी दुकान बंद केलं नव्हतं.

साहेबांनी चार शब्द सांगितले. ते चाळीस झाले. मग त्यांनी चौकटीतलं प्रमाणपत्र पुढे केलं. काकांनी हात पुढे केला नाही.

"मला हे घेता येणार नाही," ते म्हणाले. "माझ्या मापात पाप आहे."

मेव्हण्याने डोळे मिटून घेतले.

"अठ्ठावीस वर्षांपूर्वी, तीन वर्षं, मी खोट्या भाडेपावत्या लावल्या. तेव्हा मी काटे तपासत होतो. दिवसभर दुसऱ्याचे दहा ग्रॅम पकडत होतो." "मी तत्त्व तत्त्व म्हणत होतो. तत्त्व खरंच आहे, टॅक्स भरपूरच हवा, त्यात मी मागे हटणार नाही. पण मला कळलं ते असं. मी बुडवलेल्या पैशांत आमच्या घरात एक मशीन आलं. आणि तुम्ही सगळ्यांनी भरलेल्या पैशांत माझी बायको पायावर उभी राहिली. मला लाज वाटते. एवढंच आहे. बाकी दोन महिने मी नुसताच ओरडत होतो."

साहेबांनी प्रमाणपत्र उलटं करून टेबलावर ठेवलं. ते गोंधळले होते, आणि गोंधळलेला अधिकारी नियमाचा आधार घेतो.

"ती वर्षं मुदतीबाहेर गेलीत," ते म्हणाले. "आम्हाला वसुली करता येत नाही."

"पण मला देता येतं की नाही?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "नमुना चौदा-ख आहे ना. स्वतःहून कबुली. पण सर, तो कधी कोणी मागितलाच नाही." त्या खाली गेल्या आणि बऱ्याच वेळाने धुळीने माखलेला एक गठ्ठा घेऊन आल्या. वरच्या दोन प्रती उंदरांनी कुरतडल्या होत्या. तिसरी चांगली निघाली.

काका तिथेच टेबलाशी बसून भरू लागले. साहेब शेजारी उभे राहून रकाने वाचत होते. एका रकान्याशी ते अडले.

"इथे घरमालकाचा जबाब लागेल. म्हणजे भाडं खरंच घेतलं नव्हतं, असा. घरमालक हयात आहेत का? पत्ता काय त्यांचा?"

काकांनी मान खाली घातली. ह्या एका रकान्याचा त्यांनी विचार केला नव्हता. घोडं पेंड खातं ते इथेच. मेव्हणा खुर्चीत इतका खाली सरकला की मागच्या डॉक्टरांना त्याचं टक्कलही दिसेना.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून वॉकरची टकटक ऐकू आली. काकू उठल्या होत्या. त्या सावकाश पुढे आल्या, कुणाचाही हात न धरता, आणि टेबलापाशी थांबल्या.

"घरमालक हजर आहे," त्या म्हणाल्या. "पावत्यांवर माझं माहेरचं नाव आहे. सही माझी, डाव्या हाताची."

साहेबांनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. मग पेन उघडलं, कारण जबाब तो जबाब.

"हे गृहस्थ तुमच्याकडे भाड्याने राहत होते?"

"अजून राहतात. बेचाळीस वर्षं झाली."

"आणि भाडं?"

"एक छदाम दिलेला नाही," काकू म्हणाल्या. "लिहा."

आधी चष्मेवाल्या बाई हसल्या. मग साहेब हसले, आणि मग हॉल असा हसला की खाली रांगेत उभी असलेली माणसं काय झालं म्हणून वर बघायला लागली. तराजूकाका हसले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसतोय असं दाखवलं. चष्मा ते लावत नाहीत.

तीन वर्षांचा टॅक्स, त्यावर अठ्ठावीस वर्षांचं व्याज, व्याजावर दंड. खिडकी क्रमांक तीनच्या मशीनने ह्या वेळी पैसे घेतले. कापडी पिशवीच्या तळाशी थोडेसे उरले.

घरी येताना काका एकटेच पुढे चालत होते. गल्लीत आता तोंड कसं दाखवायचं, हाच विचार होता. दुपारभर ते घरातच बसून राहिले. संध्याकाळी दार वाजलं. दारात किराणावाला होता. काकांनी मनाची तयारी केली. बोल बाबा, आता तुझी पाळी.

किराणावाल्याने हातातला साखरेचा पुडा पुढे केला. "त्या दिवशी विसरलात." मग तो उंबऱ्यावरच घुटमळला. इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला. "साहेब, ते चौदा-ख... तुम्ही एकच आणलंत की जास्त?"

"का रे?"

"मागच्या गोदामाचं एक प्रकरण आहे. जुनं."

चष्मेवाल्या बाईंनी उरलेला गठ्ठा काकांनाच देऊन टाकला होता. काकांनी त्याला आत घेतलं. तो खुर्चीत बसतोय न बसतोय तोच दातांचे डॉक्टर वरून उतरले. आपण सहज आलोय हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. मग त्यांच्याकडे रोख पैसे देणाऱ्यांना पावती द्यायची कधी कधी राहून जाते, असं बरंच आडवळणाने निघालं. अर्ध्या तासात दिवाणखान्यात पाच माणसं झाली. सहावा मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून आला. तो मेव्हणा होता.

"मी फक्त मदतीला आलोय," तो म्हणाला. "हे फॉर्म भरणं तुम्हाला जमायचं नाही." आणि जरा थांबून, "माझा सगळ्यात शेवटी भरू."

काकांनी पितळी वजनांची पेटी काढली आणि कागद उडू नयेत म्हणून एकेकाच्या फॉर्मवर एकेक वजन ठेवलं. भुवई मात्र एकदाही उचलली नाही. "खरं तेवढंच लिहा," ते म्हणत होते. "आणि उद्या जाताना खालच्या अर्जावर सही करायला विसरू नका. टॅक्स वाढलाच पाहिजे."

"काका, ते एवढं मात्र जास्त होतंय हं," डॉक्टर म्हणाले.

"तुझा प्रत्येक दात—"

"करतो सही! करतो!"

सगळे गेल्यावर काका कापडी पिशवी घेऊन खिडकीपाशी आले. काकू मशीनवर पडद्याची फाटलेली कड शिवत होत्या, तोच तो पडदा. काकांनी पिशवीत उरलेले पैसे मोजले नाहीत. तसेच काढून मशीनच्या फळीवर ठेवले.

"हे काय?"

"भाडं. ह्या महिन्याचं."

काकूंनी पाय थांबवला. पैसे उचलले, पदराच्या टोकाला बांधले आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "पावती हवी?"

तराजूकाका दचकले. मग त्यांनी थोडा विचार केला.

"हवी," ते म्हणाले. "पण ह्या वेळी सही उजव्या हाताने कर."